पार्सलच्या रात्रीच्या लाइनहॉलसाठी १८.७५ मीटरमध्ये ट्रक-ट्रेलरची कोणती जोडी घ्यावी?

रात्रफेरी:
दोन सॉर्टिंग हबमध्ये रोज रात्री पार्सल न्यायची आहेत. अंतर साधारण ४२० किमी, रस्ता युरोपीय संघातला, त्यामुळे निर्देश ९६/५३ च्या मर्यादा लागू: आर्टिक्युलेटेड गाडी (ट्रॅक्टर आणि सेमीट्रेलर) १६.५० मी., ट्रक आणि ड्रॉबार (ओढदांड्याचा) ट्रेलर १८.७५ मी., रुंदी २.५५ मी., उंची ४ मी. माल सगळा सुटा, पॅलेट नाहीत, टेलिस्कोपिक पट्ट्यावरून हाताने रचला जातो. समोर तीन पर्याय आहेत:

१. ट्रॅक्टर आणि १३.६ मी.चा बॉक्स सेमीट्रेलर
२. ट्रक-ट्रेलरवर ७.४५ मी.च्या दोन स्वॅप बॉडी (चेसिसवरून उतरवून स्वतःच्या पायांवर उभ्या करता येणाऱ्या पेट्या)
३. तसेच, पण ७.८२ मी.च्या दोन बॉडी

लांबी वापरायचीच तर पूर्ण वापरावी, म्हणून तिसऱ्याकडे कल आहे. ट्रेलर सेंटर-अ‍ॅक्सल (एक्सल मधोमध) घ्यावा की टर्नटेबलचा (पुढचा एक्सल ड्रॉबारसोबत वळणारा)? ट्रक ४×२ (दोन एक्सल, त्यातला एक ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाने फिरणारा) पुरेल का? ज्यांनी अशा गाड्यांची मापं काढली आहेत त्यांनी आकड्यांसकट सांगावं.

---

जोडगाडी:
आधी लांबीचा हिशेब करू, कारण १८.७५ हा एकच आकडा पाहून गाडी ठरवली की फसगत होते. त्याच्या आत आणखी दोन मर्यादा आहेत. केबिनमागे जिथे मालाची जागा सुरू होते तिथपासून ट्रेलरच्या शेपटापर्यंत जास्तीत जास्त १६.४० मी. आणि त्यातून दोन बॉडींमधली फट वजा केल्यावर निव्वळ मालाची लांबी जास्तीत जास्त १५.६५ मी. म्हणजे केबिन आणि तिच्या मागची मोकळी जागा यांना किमान २.३५ मी. राखून ठेवलेच आहेत.

७.८२ च्या दोन बॉडी म्हणजे १५.६४. नियमात बसतं, पण मग फटीला उरतात जेमतेम ७५ सें.मी. आणि केबिनला २.३५. लांब स्लीपर केबिन साधारण २.३ मी. असते, म्हणजे केबिनची पाठ आणि बॉडी यांत पाचेक सें.मी. केबिन स्वतःच्या सस्पेन्शनवर पुढेमागे हलते, तेव्हा हे पाच सें.मी. कागदावरच राहतात. २०१५ च्या दुरुस्तीने (२०१५/७१९) लांब एरोडायनॅमिक नाकाच्या केबिनला जादा लांबीची सूट दिली आहे. अट अशी की मालाची जागा वाढता कामा नये आणि १२.५० मी. बाहेरच्या व ५.३० मी. आतल्या वर्तुळात गाडी वळली पाहिजे. तशी केबिन नसेल तर ७.८२ ला छोटी केबिन घ्यावी लागते.

७.४५ च्या दोन बॉडी म्हणजे १४.९०. केबिन आणि मोकळी जागा मिळून २.४५ धरा, फट १.४० ठेवा, बेरीज बरोबर १८.७५. मालाच्या सुरुवातीपासून शेपटापर्यंत १६.३०, तेही मर्यादेत. सगळं आरामात बसतं.

आता फट किती हवी ते पाहू. वळताना ट्रेलरची पुढची भिंत ट्रकच्या मागच्या कोपऱ्याला लागू नये, एवढी हवी. सेंटर-अ‍ॅक्सल ट्रेलरला सांधा (ट्रक आणि ड्रॉबार यांची जोडणी) एकच, त्यामुळे भूमिती सोपी आहे. सांध्यापासून ट्रकच्या मागच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर हे सांध्यापासून ट्रेलरच्या पुढच्या भिंतीपर्यंतच्या सरळ अंतरापेक्षा कमी असलं, तर कोणत्याही कोनात टक्कर होत नाही. बॉडीची अर्धी रुंदी १.२७५ मी. सांधा ट्रकच्या बॉडीच्या मागच्या कडेच्या बरोबर खाली असेल तर फट १.२७५ पेक्षा जास्त हवी. ७.४५ ला १.४० मिळते, म्हणून ती सुटते. ७.८२ ला ०.७५ च मिळते, म्हणून सांधा मागच्या कडेपासून किमान ०.७१ मी. आत, चेसिसखाली न्यावा लागतो. ०.७१ ला दोन्ही अंतरं सारखी होतात, म्हणजे पत्र्याला पत्रा घासतो. सांधा १.२० मी. आत घेतला की २० सें.मी. मोकळे राहतात. त्यातही उतारावर किंवा फेरीबोटीच्या रॅम्पवर गाडी उभ्या दिशेने मोडते: सांध्यापासून छपरापर्यंत ३ मी. धरले तर ५ अंशांच्या मोडीला वरची कड २६ सें.मी. पुढे येते. ते ७५ मधून गेले. वळण आणि उतार एकत्र आले की ७.८२ ची जोडी नाजूक होते.

जागेचं म्हणाल तर ७.४५ ची बॉडी आतून सुमारे ४४–४५ घनमीटर. दोन मिळून ९० च्या आतबाहेर, म्हणजे १३.६ च्या बॉक्स सेमीट्रेलरएवढेच. ७.८२ घेऊन जोडीमागे चारएक घनमीटर वाढतात. तेवढ्यासाठी केबिन, फट आणि जोडणी तिन्ही गोष्टी कोंडीत धरायच्या, हे पटत नाही. पार्सलच्या कामात ७.४५ चा एवढा सुळसुळाट आहे त्यामागे हेही एक कारण आहेच. डॉक, शंटर (यार्डात बॉडी हलवणारी गाडी), बाहेरून भाड्याने मिळणाऱ्या बॉडी, सगळं त्याच मापाचं सापडतं.

---

धुराभार:
वरचा हिशेब बरोबर आहे. त्यात वजनाची बाजू घालतो, कारण “पार्सल हलकी असतात” म्हणून ती कुणी पाहत नाही.

४×२ ट्रक आणि दोन एक्सलचा ट्रेलर, एकूण मर्यादा ३६ टन. रिकामी गाडी अंदाजे अशी धरा: ट्रक ८.५, ट्रेलर ४, बॉडी प्रत्येकी २.८. मिळून १८.१ टन, उरले जवळजवळ १८ टन. ९० घनमीटरला १८ टन म्हणजे घनमीटरला २०० किलो, सुट्या पार्सलला ऐसपैस. इथवर सगळं छान दिसतं.

पण ट्रक एकट्याने पाहा. दोन एक्सलच्या ट्रकला १८ टन. त्यातून ८.५ आणि २.८ गेले, उरले ६.७ टन. ४४ घनमीटरला हे १५० किलोच होतात. पुस्तकं, डिटर्जंट, पाळीव प्राण्यांचं खाद्य असा माल एका बॉडीत जमला की पुढची बॉडी ओव्हरलोड. आणि त्याच वेळी ट्रेलरवर ११ टनांची जागा पडून! अडचण पुढच्या अर्ध्या भागाची आहे, पूर्ण गाडीची नाही.

६×२ (तीन एक्सल, त्यातला एकच ड्राइव्ह) घेतला तर ट्रकला २६ टन (ड्राइव्ह एक्सलला जोडटायर आणि एअर सस्पेन्शन असेल तर, नाहीतर २५). चेसिस ९.८ धरली तरी बॉडीत १३ टनांहून जास्त बसतात आणि गाडी ४० टनांच्या वर्गात जाते. मागचा एक्सल उचलता येणारा घ्या. ही चैन नाही, कारण आंतरराष्ट्रीय वाहतुकीत ड्राइव्ह एक्सलवर गाडीच्या एकूण भरलेल्या वजनाच्या किमान २५ टक्के भार हवा. उदाहरणार्थ पुढच्या बॉडीत ३ टन, ट्रेलरच्या बॉडीत ८ टन. ट्रक १५.६, ट्रेलर १४.८, एकूण ३०.४, ड्राइव्ह एक्सलवर ७.६ हवेत. ट्रकच्या मागच्या दोन एक्सलवर मिळून साधारण ९.३ येतात, दोन्ही खाली असले तर ड्राइव्हच्या वाट्याला साडेपाच-पावणेसहा, म्हणजे नियमभंग, आणि ओल्या चढावर चाक घसरणार ते वेगळंच. मागचा एक्सल उचलला की ९.३ सगळे ड्राइव्हवर, ११.५ च्या मर्यादेतही बसतात.

हे आकडे माझ्या धरलेल्या वजनांचे आहेत. तुम्ही ट्रक आणि ट्रेलर वेगवेगळे काट्यावर घालून प्रत्येक एक्सलची पावती घ्या आणि त्यावरून पुन्हा मांडा.

आता सेंटर-अ‍ॅक्सल ट्रेलरचा खरा तोटा. त्याच्या ड्रॉबारवर उभा भार येतो आणि त्याला मर्यादा आहे: ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्के किंवा १००० किलो, जे कमी ते. सुटी पार्सल पुढच्या भिंतीपासून रचत येतात. त्यामुळे अर्धी भरलेली बॉडी म्हणजे सगळं वजन पुढच्या अर्ध्यात. ३ टन माल असा बसला तर त्याचा मध्य बॉडीच्या मध्यापासून १.८२ मी. पुढे येतो. सांध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत ६.३ मी. असतील तर ३ × १.८२ ÷ ६.३ = ०.८७ टन. रिकाम्या ट्रेलरचे ०.३ त्यात घाला, झाले ११७० किलो. बॉडी अर्धी रिकामी, वजन किरकोळ, आणि जोडणी मर्यादेबाहेर! ड्रॉबार ५.१ मी.चाच असेल तर नुसत्या मालाचेच १०७० होतात.

म्हणून रचणाऱ्यांना एकच नियम द्या: अर्धी भरलेली बॉडी ट्रकवर, पूर्ण भरलेली ट्रेलरवर. ट्रक ६×२ असेल तर हा नियम पाळून वजनाचा तोल सांभाळता येतो, ४×२ मध्ये फारशी मोकळीक उरत नाही. शेवटच्या स्टॉपवर पुढचा माल राहून मागचा निघाला, तरी हाच प्रकार होतो. उलट मागे जास्त माल राहिला की ड्रॉबार वर उचलला जातो, ट्रकचा मागचा एक्सल हलका होतो आणि ट्रेलर डुलायला लागतो. हे जास्त धोकादायक, कारण थांबलेल्या गाडीत ते दिसत नाही.

---

रात्रफेरी:
दोघांचे आभार. म्हणजे ७.८२ बाद आणि ४×२ सुद्धा. पण मग जागा सेमीट्रेलरएवढीच, माल नेण्याची ताकद कमी (सेमीला २४–२५ टन मिळतात), तर जोडगाडी घ्यायचीच कशाला? सेमीही डॉकवर सोडून ट्रॅक्टर नेता येतोच की.

---

यार्डपाळी:
सोडता येतो, पण मग डॉकवर सहा तास काय उभं राहतं ते पाहा. सेमीट्रेलर सोडला की तीन एक्सल, ब्रेक, सहा टायर, तपासणीची मुदत हे सगळं त्या दारात अडकून पडतं. स्वॅप बॉडी सोडली की चार पायांवरची एक पेटी उभी राहते, चाकं रस्त्यावर कामाला. पार्सलमध्ये भरायला लागणारा वेळ धावण्याच्या वेळेएवढाच असतो, म्हणून एका चेसिसमागे तीन-चार बॉडी ठेवता येणं यालाच किंमत आहे.

दुसरं, जोडी तोडता येते. संध्याकाळी एक बॉडी एका हबची, दुसरी दुसऱ्याची. ४२० किमीच्या मार्गावर तर निम्म्यावर भेट ठरवा: दोन्ही बाजूंनी गाड्या निघतात, २१० किमीवर बॉडी किंवा ट्रेलर अदलाबदल करून परततात. दोघांचं साधारण साडेपाच तास चालवणं होतं, साडेचार तासांनंतरच्या सक्तीच्या ४५ मिनिटांच्या विश्रांतीचा मोठा भाग अदलाबदलीच्या ठिकाणीच बसवता येतो, आणि दोन्ही ड्रायव्हर सकाळी आपापल्या घरी. फक्त अदलाबदलीचं काम विश्रांतीत मोजू नका, विश्रांतीत हात रिकामे हवेत.

आता यार्डातली कामं, कारण नुकसान तिथेच होतं.

ट्रक मागे घेऊन बॉडीखाली जाताना सस्पेन्शन पूर्ण खाली, गाडी सरळ. बॉडीच्या पोटाशी मार्गदर्शक बोगदा असतो, चेसिसवरची रोलर त्यात शिरली पाहिजेत. तिरकं शिरलात तर रोलर बोगद्याच्या तोंडाची पट्टी दुमडतो, आणि पुढच्या प्रत्येक ड्रायव्हरला ती बॉडी छळते. टोकाच्या थांब्याला टेकल्यावर हवा भरून बॉडी उचला, चारही पाय जमिनीवरून सुटलेले बघा, मगच ट्विस्टलॉक (बॉडीच्या कोपऱ्यांत फिरवून बसणारे लॉक) फिरवा. चारही. लॉक हँडलच्या कोनावर भरवसा नको, वरचा लॉक कोपऱ्याच्या साच्यात खरोखर आडवा झालाय का ते टॉर्चने बघा. कोपऱ्यांचं अंतर २० फुटी कंटेनरसारखंच आहे (५८५३ × २२५९ मिमी), म्हणून लॉक नीट बसायला हवा; बसत नसेल तर चेसिस वाकडी आहे किंवा बॉडी तिरकी टेकली आहे. जोर लावू नका, पुन्हा खाली सोडून पुन्हा घ्या.

मग पाय. तिरका आधार काढा, पाय दुमडा, आत ढकला, खिळ लावा, आणि हाताने बाहेर ओढून बघा. ही ओढ टाळायची नाही. खिळ अर्धवट बसलेला पाय वळणावर बाहेर सरकतो, आणि रात्रीच्या रस्त्यावर तो समोरच्या गाडीच्या काचेच्या उंचीला येतो. यार्डातून बाहेर पडताना गेटवर थांबून आठही पाय पुन्हा एकदा बघायचे, हा नियम लेखी ठेवा. शेवटी सस्पेन्शन प्रवासाच्या उंचीवर आणा. उचललेल्या उंचीवरच निघालं की ४ मी. ओलांडले जातात.

उतरवताना उलट क्रम, पण घोटाळा वेगळा: एक लॉक उघडायचा राहतो. सस्पेन्शन खाली जाऊ लागतं, तीन कोपरे सुटतात, चौथा बॉडीला ओढतो. लक्षात न येता ट्रक पुढे काढला तर पाय वाकतात. म्हणून सस्पेन्शन थोडं खाली येताच थांबून चारही कोपऱ्यांत फट दिसते का बघा. पायांची उंची दोन-तीन ठरावीक मापांत बसवता येते; चारही पाय एकाच भोकात आहेत याची खात्री करा. डांबर उन्हाने मऊ होतं तिथे पायाखाली पोलादी पट्टी टाका, भरलेल्या बॉडीचं एकूण वजन १६ टनांपर्यंत असू शकतं आणि ते चार छोट्या तळव्यांवर येतं.

ट्रेलर जोडलेला असताना ट्रक स्वतःच्या बॉडीखाली शिरू शकत नाही. म्हणून आधी ट्रेलरवर त्याची बॉडी घ्या, ट्रेलर सरळ जागी उभा करा, पार्किंग ब्रेक, चाकाखाली ठोकळे, मग सोडा. हवेचे पाइप सोडताना लाल आधी, पिवळा नंतर. जोडताना पिवळा आधी, लाल शेवटी. लाल आधी जोडला तर ट्रेलरचे ब्रेक सुटू शकतात आणि तुम्ही दोन गाड्यांच्या मध्ये उभे असता. त्यानंतर दिव्यांची आणि ईबीएसची (इलेक्ट्रॉनिक ब्रेकची) केबल. ईबीएसची केबल राहिली तरी गाडी चालते, डॅशबोर्डवर फक्त एक दिवा लागतो, म्हणूनच ती राहते.

दारं: यार्डात जोडी न तोडता पुढच्या बॉडीचं दार उघडायचं असेल तर रोलर शटरच घ्या. दोन पाखांचं दार प्रत्येकी सव्वा मीटरचं, १.४० च्या फटीत ते कसंबसं फिरतं, ०.७५ मध्ये उघडतच नाही.

---

चौथी_कडी:
एक वेगळं मत नोंदवतो. टर्नटेबलचा ट्रेलर इतक्या लवकर बाद करू नका. त्याच्या ड्रॉबारवर उभा भार नसतो, त्यामुळे वर सांगितलेली अर्ध्या भरलेल्या बॉडीची भानगडच उरत नाही. महामार्गावर तो शांत चालतो. तोटा रिव्हर्सचा: सांधे दोन, स्टीअरिंग उलट-सुलट होतं, आणि डॉकला रोज नवखे ड्रायव्हर येणार असतील तर वेळ जातो. पण हबमध्ये बॉडी लावायला स्वतंत्र शंटर असेल, तर लाइनहॉलच्या ड्रायव्हरला फक्त सरळ रांगेत ट्रेलर मागे न्यायचा असतो. तिथे टर्नटेबल चालून जातो.

अमेरिकेत हेच काम २८ फुटी दोन सेमीट्रेलर करतात, मध्ये डॉली (मागच्या ट्रेलरचं पुढचं टोक पेलणारी चाकगाडी) लावून. तिथे १९८२ च्या कायद्यापासून राष्ट्रीय जाळ्यावर लांबी ट्रेलरची मोजतात, पूर्ण गाडीची नाही. म्हणून केबिन लांब ठेवता येते आणि आपल्यासारखं सें.मी. मोजत बसावं लागत नाही. पण मागचा ट्रेलर झटका मोठा करून घेतो: पुढे थोडं स्टीअरिंग हललं की शेपटीला ते वाढून पोचतं. जड ट्रेलर पुढे, हलका मागे हा तिथला पाठच आहे.

आणि कुणी २५.२५ मी. सुचवेल त्याआधीच: जर्मनीत लांब गाडी २०१७ पासून नियमित आहे, पण ठरलेल्या रस्त्यांवरच, आणि वजन सर्वसाधारण वाहतुकीत ४० टनच. हबपर्यंतचा शेवटचा रस्ता यादीत आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा गाडं तिथेच अडतं.

---

रात्रफेरी:
शंटर एकाच हबला आहे, दुसऱ्या टोकाला ड्रायव्हरनेच लावायचं. म्हणजे सेंटर-अ‍ॅक्सल. मग ७.४५ ला १.४० ची फट मिळते आहे तर साधी जोडणी ट्रकच्या मागच्या बीमवरच ठेवली तर? चेसिसखालच्या जोडणीला वाकून जावं लागतं, दिसतही नाही.

---

जोडगाडी:
टक्कर होणार नाही, पण मागच्या बीमवर नको. कारण ड्रॉबारची लांबी. सेंटर-अ‍ॅक्सल ट्रेलरच्या जोडणीला डी-मूल्याखेरीज (आडव्या ओढीची ताकद) व्ही-मूल्यही लागतं, म्हणजे उभ्या धक्क्यांची ताकद. एअर सस्पेन्शनच्या ट्रकला ते असं निघतं: १.८ गुणिले ट्रेलरच्या एक्सलवरचे टन, गुणिले (मालाच्या जागेची लांबी भागिले ड्रॉबारची लांबी) याचा वर्ग. ड्रॉबारची लांबी सांध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत मोजायची.

सांधा मागच्या कडेखाली असला तर ड्रॉबार १.४० + ३.७२, म्हणजे ५.१ मी. १.८ × १८ × (७.४५ ÷ ५.१)² = सुमारे ६९ किलोन्यूटन. सांधा १.२० मी. आत नेला तर ड्रॉबार ६.३ मी. आणि तेच मूल्य ४५ वर येतं. ट्रक २६ टन आणि ट्रेलर १८ टन धरला तर डी-मूल्य दोन्हीकडे तेवढंच, १०४. म्हणजे जोडणीच्या पाटीवर डी बघून समाधान मानणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्या वाटतात, आणि छोट्या ड्रॉबारवाल्या गाडीत मागच्या बीमचे बोल्ट सैल होतात, मग बीमला भेगा पडतात.

म्हणून चेसिसखालची जोडणी, ५० मिमीच्या डोळ्याची (ड्रॉबारच्या टोकाचं कडं), आणि पाटीवर व्ही ४५ च्या वर असलेली. लॉक लागल्याचं केबिनमध्ये दाखवणारा सेन्सर मागवून घ्या, कारण दिसत नाही हा तुमचा मुद्दा खरा आहे. तरी सेन्सरवर विसंबून निघू नका: ट्रेलरचे ब्रेक लावून, हळू पुढे ओढून बघा, मग उतरून लॉकची खूण हाताने चाचपून पाहा. बुशची (डोळ्यातल्या अस्तराची) ढिलाई दर तपासणीला मोजा. ड्रॉबार हाताने वरखाली हलवल्यावर खट्ट आवाज येत असेल तर बुश बदलायची वेळ झालेली आहे.

ऑर्डर देताना ट्रक आणि ट्रेलर बनवणाऱ्यांना एकच रेखाचित्र द्या: मागच्या कडेपासून सांधा किती आत, जमिनीपासून किती उंच, सस्पेन्शन पूर्ण खाली असताना आणि पूर्ण वर असताना. बॉडी घेताना ट्रक खाली बसतो आणि ट्रेलर जागच्या जागी राहतो, तेव्हा ड्रॉबार चेसिसच्या आडव्या पट्टीला लागतो का, हे त्या दोन उंचींवरूनच कळतं.